दूरचित्रवाणी प्रसारण संचालनातील उमेदवारी

दूरचित्रवाणी प्रसारण संचालनातील उमेदवारी म्हणजे वाहिनीचा प्रसारण कक्ष, स्टुडिओचा नियंत्रण कक्ष, बाह्य प्रसारण वाहन, उपग्रह भूकेंद्र किंवा प्रक्षेपण केंद्र यांपैकी एखाद्या ठिकाणी अनुभवी तंत्रज्ञांच्या हाताखाली ठरावीक मुदतीपर्यंत प्रत्यक्ष काम करीत ते काम शिकण्याची पद्धत होय. कार्यक्रमाचे लेखन, दिग्दर्शन, अभिनय किंवा वृत्तसंकलन यांचा या उमेदवारीत समावेश होत नाही. तयार कार्यक्रम ठरल्या वेळी, ठरल्या क्रमाने आणि निर्दोष चित्र-ध्वनीसह प्रेक्षकांपर्यंत पोहोचविणे एवढाच तिचा विषय आहे. हे काम बिनचूक झाले तर ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. पडदा दोन-तीन सेकंद काळा राहिला, तर मात्र घराघरांत ते जाणवते. भारतात अशा उमेदवारीला शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा आधार असला, तरी या क्षेत्रातील बरेचसे शिक्षण कायद्याच्या चौकटीबाहेर, केवळ ज्येष्ठांच्या शेजारी बसून होत आले आहे.

संज्ञा

'उमेदवार' हा शब्द फारसीतून मराठीत आला. आशा बाळगणारा, हा त्याचा मूळ अर्थ. जुन्या कचेऱ्यांत कायम जागा मिळेल या आशेवर विनावेतन किंवा नाममात्र वेतनावर काम शिकणाऱ्या तरुणास उमेदवार म्हणत. निवडणुकीतील उमेदवार हा अर्थ त्यामानाने अलीकडचा आहे. प्रशिक्षण संपल्यावर नोकरीची हमी नसणे हे आजच्या शिकाऊ उमेदवाराच्या स्थितीचेही वैशिष्ट्य असल्याने मूळ अर्थ अद्याप पुरता लोपला आहे, असे म्हणता येत नाही.

'प्रसारण संचालन' या संज्ञेत तीन प्रकारची कामे येतात : कार्यक्रम व जाहिराती क्रमवार प्रक्षेपित करणे, चित्र व ध्वनी यांच्या संकेतांची गुणवत्ता सांभाळणे, आणि ते संकेत उपग्रह, केबल किंवा मनोऱ्यापर्यंत नेणे. कक्षांतील व्यवहारात मात्र 'एमसीआर' (मुख्य नियंत्रण कक्ष), 'पीसीआर' (निर्मिती नियंत्रण कक्ष), 'प्लेआउट', 'अपलिंक', 'ओबी व्हॅन' हेच शब्द रूढ आहेत आणि उमेदवाराला ते पहिल्याच आठवड्यात आत्मसात करावे लागतात.

भारतातील पार्श्वभूमी

भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्राचा प्रारंभ २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाला. पुण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावरून सहक्षेपण होऊ लागले. १९७६ पर्यंत दूरदर्शन आकाशवाणीचाच भाग असल्याने तांत्रिक कर्मचारी वर्गही मुख्यतः नभोवाणीतून आलेला होता. ध्वनीचा अनुभव असलेल्या या मंडळींनी चित्राचे तंत्र बरेचसे काम करता करताच शिकून घेतले आणि पुढच्या पिढीला तसेच शिकवले. अभियांत्रिकी साहाय्यक म्हणून लागलेला नवा कर्मचारी आधी पाहायचा, मग ज्येष्ठाच्या देखरेखीखाली कळ दाबायचा आणि बऱ्याच काळानंतर एकटा पाळी सांभाळायचा. या क्रमाला कोणी उमेदवारी असे नाव दिले नव्हते, पण ती उमेदवारीच होती.

औपचारिक प्रशिक्षणाची सोयही होतीच. तांत्रिक कर्मचाऱ्यांसाठी दिल्लीतील किंग्जवे येथे कर्मचारी प्रशिक्षण संस्था चालविली जात असे. दिल्लीतच सुरू झालेला दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभाग १९७४ मध्ये पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेत हलविण्यात आला. आजही या संस्थेत दूरचित्रवाणीसाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम असून ध्वनिमुद्रण व दूरचित्रवाणी अभियांत्रिकी हा त्यांपैकी एक आहे.

खासगी वाहिन्यांच्या आगमनाने चित्र पालटले, परंतु लगेच नव्हे. १९९२ मध्ये झी टीव्ही सुरू झाली, तेव्हा खासगी वाहिन्यांना भारतातून उपग्रहाकडे संकेत पाठविण्याची मुभा नव्हती. कार्यक्रम मुंबईत तयार होत आणि प्रक्षेपण हाँगकाँगहून होई. त्यामुळे कार्यक्रम वाढले तरी प्रसारण संचालनाच्या जागा त्या प्रमाणात देशात निर्माण झाल्या नाहीत. हे बंधन टप्प्याटप्प्याने सैल होत गेले आणि २००० सालच्या धोरणाने खासगी कंपन्यांना स्वतःची भूकेंद्रे उभारण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतर मुंबई, नोएडा, चेन्नई, हैदराबाद येथे मोठे प्रसारण कक्ष उभे राहिले आणि या कामासाठी तरुणांची मागणी वाढली. २००० मध्येच सुरू झालेल्या ई टीव्ही मराठीचा कारभार हैदराबादजवळील रामोजी फिल्म सिटीतून चालत असे. त्यामुळे मराठी वाहिनीवर काम शिकण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जावे लागले, अशीही एक पिढी आहे.

कायदेशीर स्थान

१९६१ चा अधिनियम मुळात कारखान्यांतील व्यवसायांसाठी होता. १९७३ च्या सुधारणेने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, तर १९८६ च्या सुधारणेने उच्च माध्यमिक स्तरावर व्यवसाय शिक्षण घेतलेले विद्यार्थी त्याच्या कक्षेत आले. अभियांत्रिकीशिवाय अन्य शाखांच्या पदवीधरांना २०१४ च्या सुधारणेनंतर वाव मिळाला. प्रसारण क्षेत्राच्या दृष्टीने ही शेवटची सुधारणा महत्त्वाची आहे, कारण प्रसारण कक्षातील अनेक जागांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी आवश्यक नसते. तेथे जनसंज्ञापन किंवा विज्ञान शाखेचा पदवीधरही शिकून तयार होऊ शकतो.

पदवीधर व पदविकाधारकांची उमेदवारी सामान्यतः एक वर्षाची असते. आस्थापना व उमेदवार यांच्यात करार होतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. महाराष्ट्र व गोवा यांचा समावेश असलेल्या पश्चिम विभागाचे काम मुंबईतील शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ पाहते. २०१९ च्या नियमांनुसार पदवीधरास दरमहा किमान ९,००० रुपये, तर पदविकाधारकास ८,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेखाली किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. त्याच वर्षीच्या नियमांनी ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांवर अडीच ते पंधरा टक्के या प्रमाणात उमेदवार घेण्याचे बंधन घातले.

उमेदवार हा कायद्याच्या दृष्टीने शिकणारा असतो, कामगार नव्हे. त्यामुळे कामगार कायद्यांतील पुष्कळशा तरतुदी त्याला लागू होत नाहीत. काम करताना इजा झाल्यास भरपाई मिळण्याचा हक्क मात्र त्याला आहे, आणि उच्च दाबाच्या विजेवर चालणाऱ्या प्रक्षेपण केंद्रात या तरतुदीचे मोल मोठे आहे. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरी देण्याची सक्ती आस्थापनेवर नसते. २०१४ नंतर तिने याबाबत स्वतःचे धोरण आखावे, एवढीच अपेक्षा आहे. उत्तर प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतील अर्जदारापेक्षा प्राधान्य द्यावे, असे म्हटले होते. हे तत्त्व मुख्यतः सार्वजनिक आस्थापनांच्या भरतीत उपयोगी पडते.

रात्रपाळीचा प्रश्न या क्षेत्रात विशेष तीव्र आहे. वाहिन्या चोवीस तास चालतात. कारखान्यातील व्यवसायांच्या उमेदवारांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत पूर्वपरवानगीशिवाय कामावर ठेवू नये, असे १९९२ च्या नियमांनी सांगितले होते. २०१४ नंतर प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे तास ठरविण्याचा अधिकार मुख्यतः आस्थापनेकडे गेला. रात्रपाळीत वर्दळ कमी असल्याने यंत्रे उघडून दाखवायला ज्येष्ठांना सवड मिळते, ही तिची जमेची बाजू; पण उमेदवाराला शिकविण्याऐवजी त्याच्यावरच पाळी सोपविण्याचा मोहही याच वेळी होतो.

कामाचे स्वरूप

मुख्य नियंत्रण कक्षात बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे सर्व संकेत एकत्र येतात. भिंतीवर अनेक छोट्या चौकटींत विभागलेला पडदा असतो. त्यावर सध्या प्रक्षेपित होणारे चित्र, पुढचे चित्र, उपग्रहावरून परत मिळणारे चित्र आणि राखीव स्रोत एकाच वेळी दिसतात. उमेदवाराच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे ही भिंत 'वाचणे'. कक्षातून बाहेर पडलेले चित्र ठीक असून परतीचे चित्र बिघडले असेल, तर दोष पुढच्या टप्प्यात आहे. दोन्ही बिघडली असतील, तर दोष कक्षातच आहे. दोष शोधण्याची ही रीत विहिरीपासून नळापर्यंत पाणी कोठे मुरते ते पाहण्यासारखी आहे, आणि यंत्रे कितीही बदलली तरी ती तशीच राहिली आहे.

दिवसाचा आराखडा 'क्यू शीट' किंवा प्रक्षेपण-क्रमपत्रकात असतो. कोणता कार्यक्रम कोणत्या क्षणी सुरू होईल, त्याचे किती खंड आहेत, मध्यंतरात कोणत्या जाहिराती कोणत्या क्रमाने जातील, ही सर्व माहिती त्यात असते. हिशेब तास, मिनिटे, सेकंद आणि चौकटी अशा चार स्तंभांत मांडतात. भारतीय पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असल्याने चौकटींच्या स्तंभात २४ नंतर शून्य येते आणि सेकंद एकाने वाढतो. उदाहरणार्थ, २१ मिनिटे ४८ सेकंद १७ चौकटींच्या भागात ३ मिनिटे २० सेकंद १२ चौकटींच्या जाहिराती मिळविल्यास बेरीज २५ मिनिटे ९ सेकंद ४ चौकटी होते. यंत्र हा हिशेब क्षणात करते. तरीही उमेदवाराकडून तो कागदावर करून घेण्याची पद्धत अनेक कक्षांत आहे, आणि ती रास्त आहे. क्रिकेटचा सामना लांबला किंवा एखादे भाषण ठरल्यापेक्षा आधी संपले, तर पुढील सात वाजताच्या बातम्या ठोक्यावर सुरू होण्यासाठी मधले काय गाळायचे किंवा काय भरायचे, हे बातम्यांच्या वेळेपासून मागे मोजत ठरवावे लागते. अशा वेळी ज्याला वजाबाकी हाताने येत नाही, त्याला यंत्राने दिलेले उत्तर बरोबर की चूक हेही कळत नाही.

जाहिरातींबाबत उमेदवाराला कायदाही ठाऊक असावा लागतो. केबल दूरचित्रवाणी नियमांनुसार तासाला बारा मिनिटांपेक्षा अधिक जाहिराती दाखविता येत नाहीत. त्यांतील दहा मिनिटे व्यापारी जाहिरातींची, तर दोन वाहिनीच्या स्वतःच्या प्रसिद्धीची. जाहिरातींचा आवाज अवाजवी मोठा नसावा, असेही हे नियम सांगतात. मध्यंतर लागताच घरोघरी दूरनियंत्रकाकडे जाणारे हात पाहता या नियमाचे पालन सर्वत्र होते असे वाटत नाही.

फितीच्या काळात कौशल्य वेगळे होते. ध्वनिचित्रफीत स्थिर गतीला येण्यास काही सेकंद लागत. म्हणून कार्यक्रम दिसण्याआधीच फीत सुरू करावी लागे आणि आकडे उलटे मोजत अचूक क्षणी ती प्रक्षेपणावर घ्यावी लागे. दोन इंची रुंद फितींपासून यू-मॅटिक आणि पुढे बीटाकॅम एसपीपर्यंत यंत्रे आटोपशीर होत गेली, पण फीत अडकण्याची भीती शेवटपर्यंत राहिली. फीत अडकली, प्रक्षेपणात खंड पडला, की मुंबई दूरदर्शनवर 'व्यत्यय' ही पाटी येई. प्रेक्षकांच्या त्या काळच्या आठवणींत ती कार्यक्रमांइतकीच ठळक आहे. ती पाटी वेळेत लावणे हेही एक शिकण्याचे काम होते.

संकेतांचे मोजमाप हा उमेदवारीतील सर्वांत शास्त्रीय भाग होय. जुन्या ६२५ रेषांच्या पद्धतीत सेकंदाला १५,६२५ रेषा रेखाटल्या जात, म्हणजे एका रेषेच्या वाट्याला ६४ मायक्रोसेकंद येत. चित्राचा संपूर्ण संकेत एक व्होल्टचा असे, त्यांतील ०.३ व्होल्ट समकालनाच्या स्पंदांसाठी आणि ०.७ व्होल्ट प्रत्यक्ष चित्रासाठी. तरंगाकृती दाखविणाऱ्या वेव्हफॉर्म मॉनिटरवर चित्राची उजळता आणि व्हेक्टरस्कोपवर रंगाची छटा व गडदपणा पाहिला जातो. डोळा सहज फसतो, कारण अंधाऱ्या खोलीतून आलेल्या माणसाला सर्वच चित्र जास्त उजळ वाटते आणि प्रत्येक पडद्याचे रंग थोडे वेगळे असतात. म्हणून कामाच्या आरंभी रंगपट्ट्या आणि एक किलोहर्ट्झचा स्वर सोडून सर्व साखळी जुळवून घेतात. डिजिटल पद्धतीत व्होल्टचे गणित मागे पडले, तथापि रंगपट्ट्यांचे काम संपले नाही.

चित्र आणि ध्वनी यांचा मेळ ही आज अधिक त्रासदायक बाब ठरली आहे, कारण डिजिटल यंत्रांच्या साखळीतील प्रत्येक यंत्र थोडा विलंब निर्माण करते आणि चित्राचा विलंब ध्वनीच्या विलंबाइतकाच असतो असे नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार ध्वनी सुमारे ४५ मिलिसेकंद आधी किंवा सुमारे १२५ मिलिसेकंद नंतर आला, तर प्रेक्षकाला विसंगती जाणवू लागते. आधी येणारा ध्वनी अधिक खटकतो, याचे कारण निसर्गात आहे : वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर ऐकू येतो, उलट क्रम माणसाच्या अनुभवात नाही. उमेदवाराला ओठांकडे पाहत बसण्याची सवय लावतात. काही महिन्यांनी घरी कार्यक्रम पाहतानाही ती सुटत नाही.

थेट प्रसारणात विलंबाचाच दुसरा प्रकार भेटतो. दळणवळण उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर असतो. संकेताला तेथे जाऊन परत येण्यास जवळजवळ पाव सेकंद लागतो. निवेदकाचा प्रश्न वार्ताहरापर्यंत आणि वार्ताहराचे उत्तर निवेदकापर्यंत असे दोन्ही प्रवास उपग्रहमार्गे झाले, तर मध्ये किमान अर्धा सेकंद शांतता जाते. यंत्रांचा विलंब वेगळाच. वार्ताहर गोंधळल्यासारखा उभा दिसतो तो याच कारणाने. त्याच्या कानात स्टुडिओचा आवाज पाठविताना त्याचा स्वतःचा आवाज वगळावा लागतो. तो वगळला नाही, तर स्वतःचेच शब्द उशिरा ऐकू येऊन बोलणे अडखळते. ही जोडणी करणे हे उमेदवाराकडे लवकर सोपविले जाणारे काम आहे आणि तिच्यातील चूक प्रक्षेपणावर तत्काळ ऐकू येते.

भूकेंद्रात सी-बँडमध्ये सुमारे ६ गिगाहर्ट्झवर संकेत वर जातो आणि सुमारे ४ गिगाहर्ट्झवर खाली येतो. केयू-बँडमधील संकेत मुसळधार पावसात क्षीण होतो. कोकणात व गोव्यात घराच्या छपरावरील छोटी तबकडी आषाढात मध्येच गप्प का होते, त्याचे हे कारण. वसंत व शरद संपातांच्या सुमारास काही दिवस सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो. तेव्हा ग्राहक तबकडीला सूर्याचाच रेडिओ-कल्लोळ ऐकू येतो आणि रोज काही मिनिटे संकेत मिळेनासा होतो. हा बिघाड नव्हे. त्याची वेळ आधी गणिताने काढता येते, आणि राखीव मार्गाची तयारी करून ठेवणे एवढेच माणसाच्या हाती असते.

या सर्वांबरोबर नोंदवही असते. काय, केव्हा, किती वेळ प्रक्षेपित झाले आणि कोठे खंड पडला, हे तीत लिहावे लागते. जाहिरातदाराला दिले जाणारे देयक या नोंदीवर अवलंबून असते, आणि तक्रार आल्यास पुरावा म्हणूनही तीच पुढे येते. प्रक्षेपित मजकुराचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपून ठेवण्याचे बंधनही वाहिन्यांवर आहे. चांगल्या नोंदीचे लक्षण म्हणजे तीत तर्क नसतो : 'फीत खराब असावी' असे न लिहिता 'चित्र ४ सेकंद गोठले, ध्वनी चालू होता' असे लिहितात. दोष कोणाचा हे ठरविणे नंतरच्या तपासावर सोडलेले असते. अनेक उमेदवारांना तांत्रिक भागापेक्षा हे लेखनच अधिक जड जाते.

स्वयंचलन आणि उमेदवारीपुढील प्रश्न

फितींची जागा सर्व्हरनी घेतल्यानंतर प्रक्षेपण-क्रमपत्रकच यंत्र चालवू लागले. पूर्वी एका वाहिनीसाठी एका पाळीत अनेक माणसे लागत. आता एकच संचालक अनेक वाहिन्यांवर लक्ष ठेवतो. काही कंपन्यांनी हे काम दूरस्थ केंद्रांकडे किंवा क्लाउडवर चालणाऱ्या संगणक प्रणालींकडे नेले आहे. याचा उमेदवारीवर दुहेरी परिणाम झाला. जागा घटल्या, हा उघड परिणाम. दुसरा परिणाम सहज दिसत नाही, पण तो अधिक खोल आहे : बिघाड क्वचित होऊ लागल्याने बिघाड हाताळण्याचा सरावही क्वचित मिळतो. वर्षभराच्या उमेदवारीत एकही मोठा खंड न पाहिलेला तरुण पुढे एकट्याने दहा वाहिन्यांसमोर बसतो. क्रमपत्रक थांबल्यावर पहिल्या पाच सेकंदांत राखीव साखळीवर जायचे की वाट पाहायची, हा निर्णय त्याने कधी घेतलेलाच नसतो.

यावर उपाय म्हणून प्रक्षेपणाशी न जोडलेली सरावाची साखळी उभारून तीत मुद्दाम बिघाड घडवून आणतात. जुन्या नोंदवह्यांतील खंड उमेदवारांपुढे ठेवून त्यांनी काय केले असते ते विचारणे हा त्याहून स्वस्त आणि तितकाच गुणकारी मार्ग आहे. दोन्हींसाठी ज्येष्ठांचा वेळ लागतो, आणि मनुष्यबळ कमी केलेल्या कक्षात नेमका तोच दुर्मीळ असतो. परिणामी उमेदवारांकडे फाइली सर्व्हरवर चढविणे, त्यांत काळ्या चौकटी किंवा चुकीच्या भाषेचा ध्वनिपट्टा नाही ना हे तपासणे, आणि नोंदी टंकणे अशी एकसुरी कामे अधिक येतात. ही कामे निरुपयोगी नाहीत. मराठी मालिकेला हिंदी ध्वनिपट्टा जोडला गेल्याचे प्रक्षेपणाआधी ओळखणारा उमेदवार वाहिनीची लाज राखतो. मात्र वर्षभर हेच करणाऱ्याला प्रसारण संचालनाचे प्रमाणपत्र मिळावे का, हा प्रश्न उरतो. करारासोबतच्या प्रशिक्षण कार्यक्रमात प्रत्येक विभागातील कालावधी लिहिलेला असेल आणि उमेदवाराने तो वाचलेला असेल, तर निदान तसे विचारण्यास आधार मिळतो.

अन्य देशांत

ब्रिटनमध्ये बीबीसीने इव्हशॅमजवळील वूड नॉर्टन येथे प्रसारण अभियांत्रिकीचे निवासी प्रशिक्षण केंद्र दीर्घकाळ चालविले. तेथे शिकायचे आणि मग केंद्रावर जाऊन काम करायचे, असे आलटून पालटून शिक्षण चाले. जर्मनीत व्यवसाय शिक्षणाच्या दुहेरी पद्धतीनुसार उमेदवार आठवड्यातील किंवा वर्षातील काही काळ व्यवसाय शाळेत आणि उरलेला काळ आस्थापनेत घालवितो. चित्र व ध्वनी माध्यमरचनाकार हा तेथे मान्यताप्राप्त व्यवसाय असून सार्वजनिक व खासगी अशा दोन्ही प्रकारच्या प्रसारण संस्था त्यासाठी उमेदवार घेतात. त्याची मुदत तीन वर्षांची आहे.